खडखड ऐकणारा दिगंबर

दिगंबर शेवाळे माझा कोणी लागत नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण एका दवाखान्यातल्या कागदावर मी त्याचा सख्खा काका म्हणून सही केलेली आहे. ती सही अजून तिथं कुठल्यातरी फायलीत असेल. जर्मन माणूस कागद टाकत नाही.

माझं शिक्षण सहावी, तेही पुरतं नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात कामाला होतो. तिथं मशीन बसवायला एक जर्मन आला, त्यानं माझं स्क्रेपिंग बघितलं आणि पुढं मला इकडं जर्मनीत बोलावून घेतलं. स्क्रेपिंग म्हणजे मशीनचा पाट हातानं खरवडून सपाट करणं. डोळ्याला दिसत नाही इतकं खरवडायचं असतं, ते हाताला कळावं लागतं. र्युसेल्सहाइमला एका लहान वर्कशॉपात मी पस्तीस वर्षं तेच केलं आणि माझ्या पाटावर कुणी दुसऱ्यांदा हात फिरवला नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

दिगंबर मला पहिल्यांदा भेटला तो आमच्या बिल्डिंगच्या तळघरात. सगळ्या बिऱ्हाडांची कपडे धुण्याची मशीनं तिथं ओळीनं उभी असतात. मी कपडे काढायला खाली गेलो तर एक सावळा, किडकिडीत पोरगा माझ्या मशीनवर पंजा ठेवून, डोळे मिटून उभा. मी जर्मनमध्ये दरडावलं, हे मशीन माझं आहे. त्यानं डोळे न उघडताच मराठीत उत्तर दिलं.

"तुम्ही मोहिते ना? बेलवर नाव वाचलं. मी तिसऱ्या मजल्यावर आलोय, शेवाळे. तुमचं मागचं बेअरिंग गेलंय."

"पस्तीस वर्षं मशीनवर काढली मी. माझं बेअरिंग गेलं तर मला कळेल."

"दोन महिने चालेल अजून. फार तर."

दोन महिन्यांनी बेअरिंग गेलं. मी तसं त्याला सांगितलं नाही. गुपचूप नवीन आणून बसवलं. तो पुढल्या वेळी खाली आला, मशीनसमोर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "छान बसवलंय हो मिस्त्री." तेव्हापासून मी मिस्त्री आणि माझी बायको सुमन, ती काकू.

त्याचं कामच ते होतं. गावातल्या मोटारीच्या कारखान्यात तो इंजिनियर होता. नव्या गाडीत कुठं खडखड, कुठं करकर होते ते शोधायचं. एका खोलीत बाहेरचा आवाज अजिबात येत नाही, तिथं गाडी हलत्या पाट्यावर उभी करायची आणि हा आत बसायचा. डोळे मिटायचे आणि बोट करायचं. तिथं नेमका एखादा स्क्रू अर्धा फेरा कमी पिळलेला निघायचा. जर्मन साहेब लोक दुसऱ्या डिपार्टमेंटातून त्याला उसना न्यायचे. तो म्हणायचा, "आवाज येतोय म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं आहे, मिस्त्री. गाडी खोटं बोलत नाही."

त्याच्या खिशात एक बोटभर स्क्रूड्रायव्हर असायचा. कुणाच्याही घरी गेला की बोलता बोलता कुकरचा दांडा, कपाटाची मूठ, चष्म्याची काडी आवळून द्यायचा. आमच्याकडची एकही वस्तू त्याच्या हातातून सुटली नाही. कान असा, पण गळा मात्र देवानं दिला नव्हता. आरती म्हणायला लागला की सुमन टाळ्या मोठ्यानं वाजवायची. ब्रेडला लोणी लावून त्यावर शेंगाचटणी थापायचा आणि दर वाक्यामागं "गेनाऊ" म्हणायचा. जर्मनीत सगळेच म्हणतात, अगदी बरोबर या अर्थानं, पण हा फोनवर आईलाही म्हणायचा. त्याची आई बार्शीला. तिला सगळे आक्का म्हणत. एकदा तिनं विचारलं, "तुझ्यासंगं तिथं कोण असतं रे हा गेनाऊ? चांगला हाय का?"

रविवारी दुपारी तो आमच्याच फोनवरून कॉलिंग कार्ड वापरून आक्काशी बोलायचा. नवरात्रात रोज. आठव्या माळेला आक्काच्या अंगात देवी यायची. ते त्यानंच मला सांगितलं, माइन नदीच्या काठी फिरताना, अगदी साधेपणानं.

"आधी आत्याच्या अंगात यायची. आत्या गेली, मग आक्काच्या. केस सुटतात, आवाज बदलतो. गल्लीतली सगळी पाया पडतात, कुणी लग्नाचं विचारतं, कुणी कोर्टाचं. संबळ थांबला की आक्का उठते आणि चाळीस माणसांचा सैपाक करते. तिला काहीच आठवत नाही."

"आणि तू?"

"मीपण एकदा घुमलो होतो. बारा वर्षांचा असताना. संबळ असा वाजत होता की पाय थांबेचनात. मग आक्कानं भंडारा लावला, थांबलो. परत कधी नाही." जरा पुढं गेल्यावर म्हणाला, "खरं खोटं मला माहीत नाही, मिस्त्री. पण त्या दिवशी आक्काच्या जवळ बसलं की कुणाला भीती वाटत नाही. एवढं मी मोजलंय."

मोजलंय हा त्याचा शब्द. तो सगळं मोजायचा.

मग ते झालं. एका शनिवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावातली सगळी माणसं काही तशी नाहीत. तो फिरायला गेला होता आणि लहानशा स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत होता. तीन जण आले, हातात बिअरचे डबे. आधी त्याच्या रंगावरून बोलले. हा बाजूला सरकला. मग त्याला खाली पाडलं आणि लाथा घातल्या. एक लाथ डाव्या कानावर बसली. फलाटावर दहाबारा माणसं होती. ती सगळी वेळापत्रक वाचत होती. दिगंबरनं मला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. लाथांचं कमी आणि वेळापत्रकाचं जास्त. "तिथून दिवसाला दहा गाड्या जातात हो. वाचायला किती वेळ लागतो?"

पोलीस आले, त्यांनी आधी त्याचेच कागद बघितले, राहायची परवानगी आहे का म्हणून. मग तक्रार लिहून घेतली. त्यातून पुढं काही निघालं नाही.

मी तेव्हा जे बोललो ते लिहायला हवं. तो आमच्या सोफ्यावर बसला होता, कानाला पट्टी. मी म्हणालो, "दिगू, मला पस्तीस वर्षांत इथं कुणी हात लावला नाही. मान वर करून चालावं. घाबरतो त्याला लोक धरतात."

सुमननं मला डोळ्यांनी दटावलं. दिगू भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही मोजत नाही, मिस्त्री."

कानाची जखम भरली, पण आत एक शिट्टी राहिली. आणि उरलेल्या कानाला सगळंच ऐकू यायला लागलं. मागून येणारे बूट. कुणी डबा उघडला की टच्च. जिन्यातलं हसणं. आधी तो हजार आवाजांतून एक निवडायचा, आता हजारच्या हजार अंगावर यायचे. रेल्वे सोडली. दाराकडं पाठ करून बसणं सोडलं. आमच्या घरातली माझी खुर्ची त्यानं न मागता घेतली, कारण ती भिंतीला लागून होती आणि तिथून दार दिसायचं. झोपताना पायात बूट घालायला लागला. हे सुमनला कळलं ते त्याच्या चादरी धुताना.

कारखान्यातल्या त्या बिनआवाजाच्या खोलीत तो एकदा थरथरत उभा राहिला. तिथं आवाज नाही म्हणून कानातली शिट्टीच मोठी झाली. साहेब भला माणूस होता, त्यानं रजा दिली. पण रजा कितीदा देणार? नोकरी गेली की राहायची परवानगीही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एक डॉक्टर झाला, दुसरा झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तो झोपायचा. उठला की भीती त्याच्याआधी उठलेली असायची.

दीडेक वर्षानं त्याला एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. त्या दक्षिणेला, स्वित्झर्लंडच्या हद्दीजवळच्या एका गावात बसायच्या. अशी धास्ती बसलेल्या माणसांवर हद्दीपलीकडं एक प्रयोग चालला होता. डोळ्यांवर पट्टी बांधून दिवसभर आडवं व्हायचं, एक औषध घ्यायचं, गाणं लावायचं, आणि दोन माणसं दोन बाजूंना बसून राहायची. औषधानं भीती ढिली पडते आणि माणूस जे झालं त्याच्याकडं बघू शकतो, असं म्हणणं.

"कसलं औषध?" मी विचारलं. त्यानं सांगितलं.

"अरे, ही तर पोरं नाचायला जाताना खातात ती गोळी. त्यासाठी इथं तुरुंगात टाकतात."

"तीच. फरक एवढाच की दोन माणसं शेजारी बसतात." मग म्हणाला, "माझ्या शेजारी त्या दिवशी एक बसला असता तरी चाललं असतं."

डॉक्टरीणबाईंना तो हवाच होता. त्यांनी स्वतः त्याला सांगितलं की आतापर्यंत आलेली सगळी माणसं इथलीच, गोरी. कातडीवरून ज्याला मारलं अशा माणसावर हे कुणी करून बघितलेलं नाही, आणि ते व्हायला हवं. फॉर्म भरताना तेवढी गंमत झाली. बाई म्हणाल्या, कुठली घटना लिहायची? दिगंबर म्हणाला, कुठली लिहू? दुकानात सगळ्यांना अहो आणि मला अरे, ती? मी शेजारी बसलो की एखादी बाई पर्स दुसरीकडं घेते, ती? घर बघायला फोनवर हो आणि दारात नाही, ती? बाई म्हणाल्या, इथं एकच लिहायला जागा आहे. मग स्टेशन लिहिलं.

तरी त्या दिवसांत तो सुधारला होता. औषधाआधीच. येणार आहे एवढ्यानंच. बाईंनी गाणं आपलं आणलं तरी चालेल म्हटल्यावर त्यानं आक्काला फोन करून आठव्या माळेचा संबळ कॅसेटवर भरून पाठवायला सांगितलं. आमच्या कुकरचा दांडा पुन्हा आवळून दिला. सुमन मला म्हणाली, "दांडा ढिला नव्हता हो. मी मुद्दाम केला."

आता माझी गोष्ट. प्रयोगात घ्यायच्या आधी घरच्या कुणाशी तरी बोलायचा नियम होता. वडील नव्हते, आक्का बार्शीला. दिगंबरनं मला विचारलं, "काका म्हणून याल का?" मी कोट काढला, इस्त्री केली. बाईंनी एक मराठी शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून बोलवायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हणालो. पस्तीस वर्षं मी जर्मन बोलतोय. मला दुभाषी कशाला?

गाडी दिगंबरनं चालवली. पोचल्यावर तो बाहेर बसला, पाठ भिंतीला लावून. मी आत.

खोली स्वच्छ. दोन खुर्च्या, मधे कागदी रुमालांचा डबा. बाई पन्नाशीच्या, आवाज हळू. दारू पितो का, लहानपणी आजारी होता का, कुणाशी भांडतो का, सगळं विचारलं, मी सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं की घरात कुणाला दुसऱ्यांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात का, कुणाचा स्वतःवरचा ताबा सुटतो का, दुसरंच कुणी झाल्यासारखं वाटतं का.

मला वाटलं, बाईंना आता कळू द्यावं की हे घर साधंसुधं नाही. एवढ्या लांबून आलेला पोरगा कुणाचा आहे ते.

मी म्हणालो, "हो. त्याच्या आईच्या अंगात देवी येते."

बाईंचं पेन थांबलं. मग जोरात चालायला लागलं. केव्हापासून? दरसाल. बोलते का? बोलते, दुसऱ्या आवाजात. नंतर आठवतं का? नाही. आणखी कुणाला? त्याच्या आत्याला, आधी. आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "दिगंबरच्या अंगातसुद्धा एकदा आलं होतं. बारा वर्षांचा असताना." छाती फुगवून सांगितलं मी.

"त्यावर काही उपचार केले का?"

"उपचार कसले? लोक तिच्या पाया पडतात."

त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, हळू विचारला, लहान मुलाला विचारतात तसा. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी सांगायला लागलो की ते ठरलेल्या दिवशी येतं आणि ठरलेल्या वेळी जातं, मग ती सैपाक करते, तो आजार नाही, तो मान आहे. पण माझ्याकडं जर्मन शब्द आहेत ते नटबोल्टचे, तेलाचे, रजेचे आणि भाड्याचे. भंडारा कसा सांगू? संबळ कसा सांगू? माझा आवाज चढला. बाईंनी रुमालांचा डबा माझ्याकडं सरकवला. मग खाली बोट दाखवलं आणि मी सही केली. नातं, काका.

परत येताना हायवेवर त्यानं विचारलं, "काय काय विचारलं?"

"सगळं सांगितलं मी. आक्काचंपण सांगितलं."

"काय आक्काचं?"

"अंगात येतं ते. तुझंही."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाला, "आल्झो." जर्मन माणूस बोलणं मिटवताना म्हणतो तसं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घरात अशा प्रकारचा आजार असेल तर या औषधानं माणूस कायमचा बिघडू शकतो, म्हणून घेता येत नाही. पत्र चांगल्या भाषेत होतं. दिगंबरनं ते मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे. नियम आहे."

मला कुठं बरोबर वाटतंय. मी एकटा आगगाडी बदलत बदलत तिकडं गेलो आणि वेळ न घेता बाईंच्या पुढ्यात उभा राहिलो. म्हणालो, मी चुकीचं बोललो, खोडा ते. बाई म्हणाल्या, "मोहितेसाहेब, तुम्ही खोटं सांगितलं होतं का?"

मी खोटं बोललो असं म्हणायला हवं होतं. एवढाच शब्द हवा होता. तो माझ्या तोंडातून आला नाही. जन्मभर खोटं बोललो नाही हा माझा तोरा. आणि देवीच्या बाबतीत कसा बोलणार?

"खोटं नव्हतं," मी म्हणालो. "पण तो आजार नाही."

"मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत, आहे आणि नाही. तुमच्यासाठी तिसरा नाही. मी उद्या त्याला औषध दिलं आणि काही झालं तर?" त्यांचे डोळे भरले होते. लबाड बाई नव्हती ती. लबाड असती तर मला भांडता आलं असतं. शेवटी त्यांनी एक वाट सांगितली. भारतातल्या मनोविकाराच्या डॉक्टरनं आईला तपासून ती वेडी नाही असं लिहून दिलं, तर त्या वर विचारून बघतील.

मी ते घेऊन धावत आलो. दिगंबर माझ्या खुर्चीत बसला होता. ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

"आक्काला वेड्याच्या डॉक्टरकडं न्यायचं? देवी येते म्हणून? गल्लीसमोरून?"

"कागदापुरतं रे."

"तिला काय सांगू, मिस्त्री? की तुझ्यामुळं मला औषध मिळत नाही? ती देवीला ये म्हणायचं सोडेल. माझ्यासाठी सोडेल ती. आणि मग आठव्या माळेला तिच्याजवळ काय उरेल?"

"मग तुझं काय?"

"माझं आहे ते आहे."

सुमन मधे पडली, "दिगू, बाळा, एकदा विचारून तर बघ." तो म्हणाला, "काकू, मला त्यांनी स्टेशनवर आधी कागद मागितले. आता आक्काला मागणार. मी नाही मागू देणार."

मी हट्टी माणूस आहे, पण त्याचा हट्ट बघून मला माझा लहान वाटला.

कॅसेट मात्र आली. पार्सल कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा चिकटवलेलं, भंडाऱ्याची पुडी फाटून सगळं पिवळं झालेलं. तो रविवारचा दिवस होता. दिगंबर कॅसेट घेऊन आमच्याकडं आला आणि जरा लाजत म्हणाला, "औषध नाही तर नाही. पण बाकीचं तर करता येईल ना? तुम्ही दोघं बाजूला बसा."

तो सोफ्यावर आडवा झाला. सुमननं त्याच्या डोळ्यांवर धुतलेला रुमाल बांधला. ती उशाशी बसली, मी पायाशी. त्यानं सांगितलं, "काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं." मी कॅसेट लावली. आधी गल्लीतला गोंगाट, कुणीतरी खाकरलं, मग संबळ. मी तो लहानपणानंतर ऐकला नव्हता. खोली भरून गेली. दिगंबरच्या पायाची बोटं हलायला लागली. चेहरा सैल पडला, गेल्या दीड वर्षात मी तसा बघितला नव्हता. मग कॅसेटमधे आक्काचा आवाज आला, घोगरा, वेगळाच. ती विचारत होती, "लेकरू कुठाय माझं? का येईना?" रुमालाखालून पाणी आलं. त्यानं हात चाचपडत वर केला, सुमननं तो धरला. मी मनात म्हटलं, आता होतंय. आता होतंय काहीतरी.

आणि वरून धाड धाड धाड. आमच्या वर राहणारी म्हातारी झाडूच्या दांड्यानं जमीन ठोकत होती. रविवारी दुपारी इथं आवाज करायचा नाही, तसा नियम आहे, मीच नव्या भाडेकरूंना सांगायचो. दिगंबर एका झेपेत उठला आणि भिंतीला चिकटला, रुमाल एका कानावर लोंबत, दोन्ही हात डोक्यावर. सुमननं हाक मारली, मी हाक मारली. त्याला आम्ही दिसत नव्हतो. तो जर्मनमध्ये म्हणत होता, मी जातो, मी जातो.

कॅसेटमधे देवी विचारतच होती. मला बंद करायचं बटण सापडेना.

पुष्कळ वेळानं तो खाली बसला. सुमननं पाणी दिलं. तो म्हणाला, "आवाज जास्त झाला, मिस्त्री," आणि कॅसेट माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडं राहू दे."

त्यानंतर मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती सुमनलाही माहीत नव्हती. वर्कशॉपात पहिली अकरा वर्षं मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही. कामेल म्हणायचे. कामेल म्हणजे उंट. मी ओ द्यायचो. अकरा वर्षं मी उंट म्हणून ओ दिली आणि घरी येऊन सांगितलं की मला इथं कुणी काही करत नाही.

तो ऐकत होता. म्हणाला, "मोजलं होतंत म्हणजे."

नोकरी गेली तेव्हा त्यानं झटकन आवरलं. घरचं सामान लोकांना देऊन टाकलं, स्क्रूड्रायव्हर सुमनला दिला. त्याला भारतात परत जाऊन आता चौथं वर्ष. सुरुवातीला मी दर रविवारी बार्शीला फोन लावायचो. आक्का उचलायची. "झोपलाय," म्हणायची. कधी म्हणायची, "माळ्यावर बसलाय, खाली येईना." आठव्या माळेला फोन केला तर म्हणाली, "आवंदा संबळ लावलाच नाही. त्याला सोसंना." मी विचारलं, मग देवी? ती म्हणाली, "बघू की, मिस्त्री. तिला कळतंय सगळं." तिला माझं काय काय कळलंय हे मी विचारलं नाही.

त्याला सोडायला फ्रँकफुर्टच्या विमानतळावर मी एकटाच गेलो होतो. सुमनला बघवणार नव्हतं. सामान एका ट्रॉलीवर ठेवलं. रांगेत उभा असताना तो दर मिनिटाला मागं बघायचा. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, म्हणजे निदान मागं मी आहे एवढं असेल. मग मी बोललो, जे इतके महिने बोललो नव्हतो.

"दिगू, मी त्या दुभाषी मुलीला येऊ द्यायला हवं होतं."

तो म्हणाला, "तुम्ही खोटं कुठं बोललात, मिस्त्री." आणि वाकून नमस्कार केला. त्यात रागही नव्हता आणि माफीही नव्हती. काचेच्या दारापलीकडं मला सोडत नव्हते.

तो ट्रॉली ढकलत निघाला. तिचं पुढचं उजवं चाक ओरडत होतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला लांबून कळत होतं की आसात दोरा अडकलाय, वाकून बोटानं ओढला की झालं. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. मी वाट बघत राहिलो. आता थांबेल. आता डोळे मिटेल, बोट करेल, म्हणेल, हे बघा. दिगंबर थांबला नाही. ते ओरडणारं चाक तो तसंच ढकलत गेला, सरळ, कोपऱ्यापर्यंत, आणि तो दिसेनासा झाल्यावरही मला ते बराच वेळ ऐकू येत होतं.